चावीवाल्याचं कारण

ठाणे,
३ फेब्रुवारी २०२५

ती. सखारामकाका,
सप्रेम जय भीम.

राजरत्नच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी आपण भेटलो होतो. मी मृणाल, त्याच्या ऑफिसातली. निघताना तुम्ही म्हणालात, फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, काही कळवायचं असेल तर चार ओळी लिहून टाका. शाळा सुटल्यापासून मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा काही चुकलं तर हसा, पण वाचा.

सोबत एक टॅब पाठवतेय. त्यात राजूने केलेला गेम आहे. आमचं ऑफिस म्हणजे वागळे इस्टेटमधली एक खोली आणि चार माणसं, पण या गेमवर राजूने तीन वर्षं घातली. डेंग्यूचा ताप चढला त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत तो त्याच्यावरच बसलेला होता. रमा नावाची एक मुलगी हंडा घेऊन पाण्याला निघते. पण एक चावीवाला तिच्या पुढे पुढे जाऊन सगळीकडचे व्हॉल्व्ह बंद करत सुटतो. त्याने बंद करायच्या आत रमाने पाणी भरायचं, असा खेळ आहे. बोट जिथे ठेवाल तिथे रमा चालते. एकूण पाच भाग आहेत. चार तयार आहेत, पाचव्याचं थोडं काम बाकी आहे. टॅबमध्ये सिम घातलंय, म्हणजे तो भागही झाला की आपोआप तुमच्याकडे येईल.

गेम लोकांसमोर आणायचा तर राजूचे वारस म्हणून तुमची सही लागेल. कागद पाकिटात आहे. पण घाई नाही. आधी खेळून बघा. त्याच्या हातचं काम तुम्ही बघितलंत तर मला फार बरं वाटेल.

तुमची,
मृणाल


आंबिवली,
१९ फेब्रुवारी २०२५

मृणालताई,
सप्रेम जय भीम.

टॅब मिळाला. पहिले चार दिवस ती पोरगी नुसती भिंतीवर आपटत होती. शेजारच्या शांताबाई म्हणाल्या, "ओ सखारामभाऊ, या वयात गेम खेळताय होय?" म्हटलं, पोराचं काम बघतोय. मग त्याही स्टूल ओढून बसल्या. दोघांनी मिळून चारही भाग पार केले.

आता एक विचारतो. तो चावीवाला कोण आहे, हे तुम्हाला माहीत होतं ना?

पाणी खात्यात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी व्हॉल्व्हमन म्हणून. लोक चावीवालाच म्हणायचे. चेंबरचं झाकण पायावर पडल्यापासून मी डावा पाय ओढतो, तोही ओढतो. खांद्यावर तीच लांब चावी, गळ्यात टॉवेल. चेंबर उघडायच्या आधी मी झाकणावर तीनदा चावी आपटायचो, आत साप-उंदीर असला तर सरकावा म्हणून. तेसुद्धा त्याने घातलं आहे. आणि रमा हे त्याच्या आईचं नाव.

शांताबाई म्हणाल्या, "मेला किती दुष्ट आहे हो!" दुसऱ्या दिवशी त्यांनी परत खेळायला बोलावलं, तर डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

राजूने तुम्हाला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. माझी बाजू लिहितो. २००९ सालचा मे महिना होता. पाणी कमी, लोक चिडलेले. आमच्या लाइनीच्या शेवटच्या टोकाला एक वस्ती आहे, तिथे तीन दिवस थेंब नव्हता. त्या लोकांपर्यंत पाणी पोहोचावं म्हणून मी आमच्याच चाळीचा व्हॉल्व्ह बंद केला. आपलं घर आहे म्हणून आपल्याला जास्त, असं मी केलं नाही. त्या दिवशी रुळांपलीकडे टँकर आला. रमा हंडा घेऊन गेली आणि येताना पुलाच्या पायऱ्यांवरून घसरली. डोक्याला मार लागला. तिसऱ्या दिवशी गेली.

राजू बारा वर्षांचा होता. त्याने एकदाच विचारलं, "पप्पा, का बंद केलं?" जे तुम्हाला लिहिलं तेच मी त्याला सांगितलं. पुढेही विषय निघाला की सांगत राहिलो. तो खाली मान घालून ऐकायचा. कॉलेज झालं आणि ठाण्याला खोली घेऊन निघून गेला. त्यानंतर वर्षातून एकदा, जयंतीला यायचा. तासभर बसायचा, आईच्या फोटोला हार घालायचा आणि जायचा.

मला एवढंच कळायला हवं, मी त्याला खरंच इतका वाईट वाटत होतो का? तुम्ही तीन वर्षं त्याच्या शेजारी बसलात. खरं काय ते सांगा. तोपर्यंत माझ्याने सही होणार नाही.

सखाराम


ठाणे,
६ मार्च २०२५

सखारामकाका,

तुमचं पत्र ऑफिसच्या जिन्यातच उभं राहून वाचलं. वर गेले तर केदारने विचारलं, रडतेयस का. केदार म्हणजे आमच्यातला चित्रं करणारा.

हो, मला माहीत होतं. आधीच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही टॅब उघडलाच नसता, अशी भीती वाटली. चुकलं माझं.

पण चावीवाला दुष्ट आहे, असं राजू कधी म्हणाला नाही. आम्ही साठ-सत्तर जणांना चार भाग खेळायला दिले होते. त्यावर काय वाद झालेत म्हणून सांगू! निम्मे म्हणतात, हा सरळसरळ व्हिलन आहे, बायकापोरांचं पाणी तोडतो. निम्मे म्हणतात, काहीतरी कारण असणार, तो शेवटी कळणार, बिचाऱ्याला लोकांनी ओळखलंच नाही. कल्याणच्या एका पोराने तर लिहून पाठवलं, "भाई, ये आदमी बुरा नहीं है, इसका पास्ट होगा कुछ." केदार म्हणतो, कारण नसलेला व्हिलन कुणाला पटत नाही. राजू हे सगळं ऐकून नुसता हसायचा.

काका, पाचवा भाग आता टॅबवर आलाय. तो खेळा. तुम्ही मला पत्रात जे लिहिलंत तेच त्यात आहे. राजूला तुमचं म्हणणं कळलं होतं. तुमच्यापाशी बोलला नसेल, पण कळलं होतं. खेळा आणि मग ठरवा.

मृणाल


आंबिवली,
२४ मार्च २०२५

मृणाल,

तू माझ्या मुलीसारखी, म्हणून आता अहोजाहो करत नाही.

पाचवा भाग खेळलो. रमा त्याला गाठते आणि तो तिला घेऊन शेवटच्या टोकाच्या वस्तीत जातो. तिथे कोरडी भांडी घेऊन माणसं उभी आहेत. तो म्हणतो, "यांना तीन दिवस थेंब नाही. आपलं घर आहे म्हणून आपल्याला जास्त, असं मी केलं नाही." मग तो व्हॉल्व्ह बंद करतो, वस्तीत पाणी येतं आणि रमा त्याच्या पाया पडते.

मी किती रडलो ते लिहीत नाही. शांताबाईंना हाक मारून सांगितलं की तो चावीवाला मी आहे, आणि माझ्या पोराला सगळं कळलं होतं. त्यांनी साखर आणून माझ्या हातावर ठेवली. दोन दिवस मला जेवण गोड लागलं. सोळा वर्षांत लागलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी परत खेळलो. या वेळी माणसाकडे बघितलं नाही, त्याच्या हाताकडे बघितलं.

बारा इंची व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायला अडतीस फेऱ्या लागतात. सहा इंचीला वीस. पहिल्या चार भागांत तो बरोबर तेवढ्याच मारतो, मी मोजल्या आहेत. शेवटच्या दहा सावकाश मारतो, कारण झटक्यात बंद केलं तर पाण्याचा दणका बसून पाइप फुटतो. राजूला मी आकडे असेच शिकवले होते. शाळेत जायच्या आधी तो माझ्या खांद्यावर बसून फेऱ्या मोजायचा, अडतीसला टाळी वाजवायचा.

पाचव्या भागात चावीवाला तीच बारा इंची लाइन चार फेऱ्यांत बंद करतो. झाकणावर चावीसुद्धा आपटत नाही.

हे माझ्या राजूचं काम नाही. आणि ते बोलणं मी तुला पत्रात लिहिलेलं आहे, शब्दाला शब्द. तुझ्यावर चिडलो नाही. पण आता मला खरं सांग. त्याच्या पाचव्या भागात काय होतं?

सखाराम


ठाणे,
२ एप्रिल २०२५

काका,

तुमच्यासमोर बसून हे सांगायची माझी हिंमत नाही, म्हणून लिहितेय.

पाचवा भाग मी केला. तुमचं पत्र आल्यावर दहा दिवसांत. केदारला म्हटलं, राजूच्या वहीत सापडलं. फेऱ्यांचं माझ्या डोक्यातच आलं नाही. राजू प्रत्येक व्हॉल्व्हला वेगळे आकडे घालायचा, तेव्हा मी त्याला चिडवायचे, की कोण मोजणार आहे रे?

त्याच्या पाचव्या भागात जवळजवळ काहीच नाही. रमा रिकामा हंडा घेऊन चेंबरपाशी येते. चावीवाला वाकून काम करतोय. ती विचारते, "का बंद केलंत?" आणि त्याच्या उत्तराची चौकट रिकामी. दोन वर्षं ती तशीच होती. मी किती वेळा मागे लागले, की अरे, लिही ना काहीतरी, व्हिलनला कारण दे. तो म्हणायचा, "ते मी नाही लिहिणार. ते माझं काम नाही." मला वाटायचं, सुचत नाहीये म्हणून टाळतोय.

तुमचं पत्र वाचलं आणि वाटलं, हेच ते कारण. किती चांगलं कारण. राजूला माहीत असून त्याने लिहिलं नाही, याचा मला त्याच्यावर रागसुद्धा आला. म्हटलं, मेलेल्या माणसाला माफ करता येत नाही, तर त्याच्या वतीने आपण करू.

आणखी एक सांगते. राजू मला आवडायचा, फार. त्याला कधी सांगितलं नाही. आपल्या वडिलांना क्षमा न करता गेलेला माणूस मला आठवायचा नव्हता, हेही त्यात होतं. म्हणजे सगळं काही तुमच्यासाठी केलं असंही नाही.

तो भाग मी काढून टाकते. गेम बाहेर आणायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मला माफ करा.

मृणाल


आंबिवली,
१५ एप्रिल २०२५

मृणाल,

काल जयंती झाली. दरवर्षी अकराच्या सुमारास राजू यायचा. काल मी दाराकडे पाठ करून बसलो.

तू माफी मागू नकोस. तू खोटं घातलंस खरं, पण ते तू माझ्याकडूनच घेतलं होतंस. मी खोटा होतो, हे तुला कुठून कळणार?

आता लिहितो. शांताबाईंना सांगितलेलं नाही, कुणालाच सांगितलेलं नाही.

शेवटच्या टोकाची वस्ती खरी आहे. तिला तीन दिवस पाणी नव्हतं हेही खरं. पण तिच्यासाठी मी व्हॉल्व्ह बंद केला नव्हता. टेकडीवर एक सोसायटी होती, तिथल्या एका मोठ्या माणसाकडे लग्न होतं. आमच्या खालच्या चाळी चालू असल्या की प्रेशर पडतं आणि टेकडीवर पाणी चढत नाही. साहेब स्वतः गाडी घेऊन चेंबरपाशी आले. म्हणाले, "सखाराम, खालचं बंद कर." मी म्हटलं, साहेब, आधीच दोन दिवस कमी दिलंय. ते म्हणाले, "मुकादमासाठी तुझं नाव आहे ना? मग?"

त्यांनी मला धमकी दिली नाही. नोकरी जाणार नव्हती. मला मुकादम व्हायचं होतं, एवढंच. चावी खांद्यावर घेऊन फिरायचा कंटाळा आला होता. अडतीस फेऱ्या मारल्या आणि बंद केलं. मारताना रमाचा विचार मनात आला होता. वाटलं, भरून ठेवलं असेल तिने सकाळी.

टेकडीवर लग्न चांगलं झालं. वस्तीला त्या दिवशीही पाणी मिळालं नाही. दिवाळीला मी मुकादम झालो.

राजूने विचारलं तेव्हा तोंडातून वस्ती निघाली. पोराला वाटावं, आपला बाप न्यायाने वागला. एकदा बोललो, मग तेच धरून बसलो. पुढे पुढे मलाही ते खरं वाटायला लागलं. तुला पत्र लिहिताना तर हात जरासुद्धा अडखळला नाही.

तुझ्या त्या साठ-सत्तर जणांतले जे म्हणाले चावीवाला वाईट आहे, ते बरोबर होते. उरलेल्यांना सांग, त्याला समजून घ्यायच्या फंदात पडू नका. कुणी समजून घेतलं की तो आणखी खोटं बोलतो.

गेम बाहेर काढ. पण त्या रिकाम्या चौकटीत मी सांगतो तेच घाल, स्वतःचं एक अक्षर घालू नकोस. ती विचारते, "का बंद केलंत?" त्याने असं म्हणावं :

"वर लग्न होतं. साहेबांनी सांगितलं. मला मुकादम व्हायचं होतं. तुझं घर कुठे आहे ते मला माहीत होतं, तरी बंद केलं."

राजूने ते माझ्यासाठी सोडलं होतं, असं मला वाटतं. उशीर झाला.

सखाराम


ठाणे,
२९ एप्रिल २०२५

काका,

तुमचं पत्र मी कुणाला दाखवलेलं नाही. तुमच्या चार ओळी मात्र जशाच्या तशा घातल्या.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली होती. आता लपवणं बरोबर नाही. तुम्हाला त्रास होईल, तरी सांगते.

चावीवाल्याची चौकट रिकामी होती, पण तिच्यानंतरची चौकट रिकामी नव्हती. रमाचं उत्तर राजूने लिहून ठेवलेलं होतं. तारीख बघितली, तर ते त्याने पहिल्याच महिन्यात लिहिलंय, बाकी काहीच तयार नव्हतं तेव्हा. म्हणजे सगळा गेम त्याने त्या एका ओळीकडे जायला केला. वस्तीचं कारण घातल्यावर ती ओळ तिथे बसेना, उगाच कडवट वाटायला लागली, म्हणून मी ती पुसून टाकली होती. त्याच्या कॉम्प्युटरवर जुनी प्रत होती, त्यातून परत आणली.

तुमचा चावीवाला बोलून संपतो. मग रमा म्हणते :

"माहीत होतं. तुम्ही सांगता का, एवढंच बघत होते."

ती हंडा खाली ठेवते आणि त्याच्याशेजारी बसते. गेम तिथे संपतो. पाणी येत नाही.

काल तो भाग आम्ही ऑफिसातल्या सगळ्यांनी लावून बघितला. तुमच्या ओळींनंतर ती ओळ येते तेव्हा वाटतं की दोघं समोरासमोर बसून बोलतायत. राजूला हे कसं माहीत होतं, मला कळत नाही. तुम्ही तर म्हणता, कुणालाच सांगितलेलं नाही.

मृणाल


आंबिवली,
९ मे २०२५

मृणाल,

सही केलेला कागद सोबत आहे. राजूचं नाव पूर्ण टाक.

त्याला कसं माहीत होतं, हे तू विचारलंस. तुझं पत्र आल्यापासून मी तेच आठवत होतो. काल त्या चेंबरपाशी चालत गेलो. आता तिथे वर रस्ता झालाय, पण झाकण आहे. त्याच्या कडेला उभा राहिलो आणि आठवलं.

मेची सुट्टी होती. सुट्टीत माझा डबा राजू घेऊन यायचा. त्या दिवशी साहेबांची गाडी निघून गेली, मी चेंबरमधून वर आलो, तर डबा झाकणावर ठेवलेला होता. अजून गरम होता. पोर दिसलं नाही. मला वाटलं, ठेवून खेळायला पळालं असेल. मी बसून जेवलो.

तो तिथेच होता, मृणाल. गाडीच्या आडोशाला उभा राहून त्याने सगळं ऐकलं होतं. आणि आई गेल्यावर दहाव्या दिवशी तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "पप्पा, का बंद केलं?" त्याला काही विचारायचं नव्हतं. बारा वर्षांचं पोर मला खरं बोलायची संधी देत होतं. मग एवढी वर्षं जयंतीला यायचा, तासभर बसायचा, तो त्याचसाठी बसायचा. आणि मी त्याला दरवर्षी चहा दिला आणि वस्तीची गोष्ट सांगितली.

सखाराम